नाटक बघायला शिका, धंदा दिसायला लागेल : घरबसल्या करायचा नाट्यरसास्वादाचा कोर्स



"सर, धंदा सुरू करायचाय, आधी कुठला कोर्स करू?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तरं तयारच असतात. टॅली, जीएसटी, एक्सेल, डिजिटल मार्केटिंग. हे शिकायला हवंच, त्यात वाद नाही. पण आज मी वेगळाच कोर्स सुचवणार आहे. त्याचं नाव नाट्यरसास्वाद. नाटक कसं बघावं याचं कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं शिक्षण, आणि तेही दूरशिक्षणाने, दुकान सांभाळून.

तुम्ही म्हणाल, इथे भांडवलाची मारामार आणि सर नाटकं बघायला सांगतायत! म्हणूनच आज फायदा तर सांगतोच, पण वेळेचा हिशेबही मांडतो. आणि हा कोर्स कोणी करू नये तेही स्पष्ट सांगतो. निर्णय तुमचा.

हा कोर्स नक्की कसला?

आधी एक गैरसमज काढून टाकू. यात अभिनय शिकवत नाहीत. स्टेजवरची भीती घालवणं, आवाज कमावणं, भाषण करणं यातलं काही नाही. त्यासाठी वेगळ्या कार्यशाळा असतात. रसास्वाद म्हणजे प्रेक्षकाचं शिक्षण. समोर जे चाललंय ते नीट बघायचं, ते कशामुळे जमलं किंवा फसलं ते ओळखायचं आणि ते शब्दांत मांडायचं.

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये हा विषय फार जुना आणि सर्रास घेतला जाणारा आहे. तिकडच्या कम्युनिटी कॉलेजांत इंजिनिअरिंग, नर्सिंग, बिझनेस अशा कुठल्याही शाखेची मुलं कलेचा एक विषय म्हणून 'थिएटर अ‍ॅप्रिसिएशन' घेतात. टेक्सास राज्यात तर सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत त्याचा कोड एकच आहे, ड्रामा १३१०, आणि क्रेडिट ३. बहुतेक ठिकाणी तो ऑनलाइनही चालतो. दर आठवड्याला वाचन, व्हिडिओ, छोटी चाचणी, चर्चेत एक-दोन उत्तरं आणि सत्रात किमान एक नाटक प्रत्यक्ष बघून लिहिलेला अहवाल, असा साधारण साचा असतो.

विषय काय असतात? नाटक म्हणजे काय, रंगमंचाचे प्रकार, लेखक-दिग्दर्शक-नट-नेपथ्यकार यांची कामं, ग्रीक काळापासूनचा इतिहास, तीन-चार नाटकांचं वाचन, आणि शेवटी समीक्षा. या शेवटच्या भागासाठीच मी हा कोर्स सुचवतोय.

तीन प्रश्न, आणि तेही याच क्रमाने

या कोर्समध्ये समीक्षेचे तीन प्रश्न शिकवतात. ते जर्मन नाटककार गटे यांच्या नावाने ओळखले जातात. पहिला : करणाऱ्याला काय करायचं होतं? दुसरा : ते त्याला कितपत जमलं? तिसरा : मुळात ते करण्यासारखं होतं का?

किती साधे प्रश्न आहेत ना? पण गंमत क्रमात आहे. आपण सगळे थेट निकालावर उडी मारतो. "नाटक बोअर होतं." "मस्त होतं." कोर्स तुम्हाला थांबवतो. आधी सांगा, काय दिसलं? पडदा उघडला तेव्हा स्टेजवर काय होतं? प्रकाश कुठून येत होता? प्रेक्षक कुठे हसले, कुठे चुळबुळ करायला लागले? आधी वर्णन, मग अर्थ, आणि सगळ्यात शेवटी मत.

आता हे धंद्यात आणा. समजा, तुम्ही पोळीभाजी केंद्र सुरू केलंय. सुरुवातीला गर्दी झाली, तिसऱ्या महिन्यात कमी झाली. नातेवाईक म्हणतात, "चव उत्तम आहे, लोकांनाच कळत नाही." शेजारचा म्हणतो, "रेट कमी कर." ही दोन्ही मतं झाली. दिसलं काय, ते कोणीच सांगत नाही. दुपारी एक वाजता गिऱ्हाईक येतं, कोणाला पैसे द्यायचे ते कळत नाही, डबा भरायला सात मिनिटं लागतात, तेवढा वेळ ते उन्हात उभं असतं. हे ज्याला दिसतं, त्याला रेट कमी करावा लागत नाही. तो एक ताडपत्री बांधतो आणि पैसे घ्यायला वेगळा माणूस बसवतो.

तिसरा प्रश्न तर सगळ्यात महागाचा. एखादी गोष्ट उत्तम जमली, पण ती करण्यासारखी होती का? तालुक्याच्या गावात साठ प्रकारचं आइस्क्रीम ठेवणं तुम्हाला अगदी व्यवस्थित जमेलही. पण त्यातले पन्नास प्रकार फ्रीजरमध्ये वीज खात पडून राहणार असतील तर? हा प्रश्न दुकान उघडण्याआधी विचारला तर फुकट पडतो. नंतर विचारला तर कर्जाच्या हप्त्यासकट पडतो.

अ‍ॅरिस्टॉटलची यादी आणि आपलं इंटिरियर

कोर्सच्या पहिल्या काही आठवड्यांतच अ‍ॅरिस्टॉटल भेटतो. त्याने नाटकाचे सहा घटक सांगितले : कथानक, पात्रं, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. कथानक सगळ्यात वर. दृश्य म्हणजे सजावट, देखावा, झगमगाट. ते आकर्षक असतं हे तो मान्य करतो, पण त्याला ठेवतो सगळ्यात खाली.

आपण काय करतो? बरोबर उलटं. धंद्याची सुरुवात फ्लेक्स, काचेचा दरवाजा आणि लायटिंगने. कथानक, म्हणजे गिऱ्हाईक आत आल्यापासून समाधानाने बाहेर पडेपर्यंत काय काय घडणार, ते नंतर बघू!

इथे आपल्या रंगभूमीची दोन उदाहरणं शेजारी-शेजारी ठेवून बघा. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली सुरू झाली. उंची वस्त्रं, अत्तराचा घमघमाट, भव्य नेपथ्य, आणि गाणं तर असं की लोक वेडे व्हायचे. तरीही मंडळी मोठ्या कर्जात बुडाली. थिएटर भरलेलं असताना पेटी रिकामी राहू शकते, याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही. आता दुसरं उदाहरण. १९७२ साली पुण्यात विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' आलं, दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यात एका ओळीत उभ्या राहिलेल्या माणसांचीच भिंत होते, तोच पडदा होतो, आणि ती भिंत हलते, गाते, नाचते. ते नाटक पुढे परदेशातही गाजलं.

यातून सजावट वाईट असा अर्थ काढू नका. गंधर्वांच्या प्रेक्षकाला ते वैभव हवंच होतं. प्रश्न एवढाच, की तुमच्या धंद्यात दृश्यावरचा खर्च कथानकाला मदत करतो की त्याची उणीव झाकतो?

राजाश्रय गेला तर काय?

इतिहासाचा भाग रटाळ असेल म्हणून लोक तो उडवतात. उडवू नका. रंगभूमीचा इतिहास म्हणजे पैसा कुठून येणार याचाही इतिहास आहे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. एकच मोठा ग्राहक, पूर्ण खर्च त्याचा. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि तो आधारही गेला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव दौरे केले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. एका राजाच्या जागी शेकडो तिकीटवाले प्रेक्षक आले. मराठी नाटक धंदा म्हणून उभं राहिलं ते या वळणावर. तुमच्या वर्कशॉपचं ऐंशी टक्के काम एकाच कंपनीकडून येत असेल, तर हा धडा रात्री झोपण्याआधी पुन्हा एकदा वाचा.

आणि जागेचं गणित? भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृहाचे आकार आणि मापं दिली आहेत. माणसांसाठी योग्य माप सांगितलंय ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. कारणही दिलंय. त्याहून मोठं बांधलं तर नटाचा आवाज नीट पोचत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. म्हणजे, आपला माणूस शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचेल एवढीच जागा घ्या. दोन नोकर आणि बाराशे स्क्वेअर फूट गाळा हे गणित भरतमुनींनी नापास केलं असतं.

दूरशिक्षणातली खरी अडचण

आता मुख्य मुद्दा. अकाउंट्स मोबाईलवर शिकता येतं. नाटक मोबाईलवर पूर्ण शिकता येत नाही. का?

व्हिडिओत तुम्ही कुठे बघायचं ते कॅमेरा ठरवतो. नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं की क्लोजअप. नाट्यगृहात तुमची नजर कुठे जाईल हे कोणी पकडून ठेवू शकत नाही. दिग्दर्शकाला ती प्रकाशाने, हालचालीने, शांततेने ओढून घ्यावी लागते. आणि प्रेक्षक थंड बसला तर नटाला ते लगेच जाणवतं, त्याप्रमाणे तो खेळ सावरतो. हा देवाणघेवाणीचा भाग रेकॉर्डिंगमध्ये राहात नाही. तुमचं दुकानही लाइव्हच आहे ना? गिऱ्हाइकाची नजर तुम्हालाही ओढून घ्यावी लागते, आणि चेहरा बघून बोलणं बदलावं लागतं.

म्हणून माझा नियम सांगतो. घरबसल्या कोर्स करणार असाल तर त्या काळात किमान तीन नाटकं प्रत्यक्ष बघायचीच. कोर्सने एकच मागितलं असलं तरी तीन. "आमच्या गावात नाट्यगृह नाही" हे कारण सांगू नका. आपल्याकडे सोय आहे :

- राज्य सरकारची हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा. प्राथमिक फेरी राज्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर होते आणि तिकीट नाममात्र असतं. ओळीने दोन-तीन दिवस जा. एकाच स्टेजवर, तेवढ्याच साधनांत कोणी काय केलं याची तुलना करता येते. शिकण्यासाठी यापेक्षा स्वस्त सोय नाही.
- गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात असाल तर झाडीपट्टी रंगभूमी. वडसा हे तिचं केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि रात्ररात्र प्रयोग चालतात. लोक तिकीट काढून गर्दी करतात, तीही गावात!
- सिंधुदुर्ग आणि गोव्यात दशावतार. संवादांची लिखित संहिता हातात नसते. नट प्रेक्षक बघून बोलणं फुलवतात. सेल्सवाल्याने तर बघायलाच हवं.
- शहरात असाल तर व्यावसायिक नाटक आहेच, शिवाय कॉलेजच्या एकांकिका स्पर्धा. पुण्यातली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे.

भाषेची भीती

ऑनलाइन कोर्स बहुतेक इंग्रजीत असतात, हे खरं. पण एक सोपी युक्ती आहे. अभ्यासाला जे नाटक असेल ते आधी मराठीत वाचा. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' १८८३ मध्येच केलं. देवलांचं 'झुंजारराव' म्हणजे 'ऑथेल्लो'. 'नटसम्राट' बघितलं असेल तर 'किंग लिअर' ची ओळख तुम्हाला आधीच आहे. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं. गोष्ट डोक्यात बसली की इंग्रजी पान अर्धं सोपं होतं. आणि जाता जाता, बाहेरचा माल आपल्या गिऱ्हाइकाच्या भाषेत कसा आणायचा, हेही 'फुलराणी' शिकवते. शब्दाला शब्द न ठेवता, इथल्या माणसाला आपलं वाटेल असं.

वेळेचा हिशेब

अमेरिकन कॉलेजात १ क्रेडिट म्हणजे वर्ग आणि घरचा अभ्यास धरून साधारण ४५ तास. ३ क्रेडिटचा विषय म्हणजे १३५ तास. तुमच्या एका तासाची किंमत फक्त १५० रुपये धरली तरी २०,२५० रुपये झाले. म्हणजे "फुकट" कोर्ससुद्धा फुकट नसतो. हा आकडा वहीत लिहा आणि मगच ठरवा.

पदवी आणि क्रेडिटची गरज नसेल तर एवढा मोठा कोर्स घेऊच नका. तीन रस्ते आहेत.

१. पदवी चालू आहे आणि शाखेबाहेरचा एखादा विषय निवडायचा आहे. मग आपल्या कॉलेजात किंवा अभ्यासकेंद्रावर विचारा की असा विषय आहे का, आणि बाहेरून केलेल्या ऑनलाइन कोर्सचे क्रेडिट चालतात का. उत्तर लेखी घ्या. तोंडी "चालतंय हो" वर सहा महिने घालवू नका.

२. क्रेडिट नको, पण शिस्त हवी. केंद्र सरकारचं 'स्वयम' पोर्टल २०१७ पासून चालू आहे. कोर्स शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरावी लागते. मुख्य सत्रं जानेवारी आणि जुलैपासून. विषयांची यादी दर सत्राला बदलते, म्हणून 'थिएटर', 'ड्रामा', 'परफॉर्मिंग आर्ट्स' असे शब्द टाकून शोधा.

३. फक्त शिकायचं आहे. एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरवर नाटकाच्या विषयांचं साहित्य खुलं आहे. प्रमाणपत्र नाही, पण परीक्षेचा ताणही नाही.

कुठलाही घ्या, आठवड्याचे ५ तास आधी बांधून ठेवा. समजा, दुकान बंद असतं त्या वारी सकाळी ३ तास, आणि मधल्या दोन दिवशी रात्री एक-एक तास. १२ आठवड्यांत ६० तास होतात. "वेळ मिळेल तसं बघू" म्हणणाऱ्याचा ऑनलाइन कोर्स तिसऱ्या आठवड्यातच अडकतो. शक्य असेल तर जोडीदार शोधा. बायको, नवरा, भाऊ, शेजारचा दुकानदार, कोणीही. नाटक दोघांनी बघायचं आणि घरी येताना एकमेकांना तीन प्रश्न विचारायचे. दूरशिक्षणात वर्गमित्र नसतात, ती उणीव अशी भरून काढायची.

कोणी करू नये

ज्याला या महिन्याचं भाडं कसं द्यायचं हे माहीत नाही, त्याने आधी वसुली करावी. ज्याला नफा-तोट्याचा तक्ता वाचता येत नाही, त्याने आधी तो शिकावा. ज्याला फक्त भिंतीवर लावायला सर्टिफिकेट हवंय, त्यानेही लांब राहावं. नाट्यरसास्वादाचं सर्टिफिकेट बघून बँक कर्ज देणार नाही आणि गिऱ्हाईक दोन रुपये जास्त मोजणार नाही.

आणि ज्याने करावा तो कोण? ज्याचा माल चांगला आहे, भाव ठीक आहे, मेहनत आहे, पण आलेलं गिऱ्हाईक परत का येत नाही हे ज्याला कळत नाही तो. त्याच्याकडे माहिती कमी नसते, त्याची नजर कमी पडते. तो रोज स्टेजवर उभा असतो, प्रेक्षागृहात कधी बसलेलाच नसतो. हा कोर्स त्याला तिथे बसवतो आणि तासन् तास तिथून बघायची सवय लावतो.

या आठवड्याचा होमवर्क

फी भरण्याआधी स्वतःची एक चाचणी घ्या. खर्च एका तिकिटाचा.

पहिलं काम : जवळपास होणारं कुठलंही एक नाटक बघा. मोबाईल बंद. घरी आल्यावर त्याच रात्री एक पान लिहा. अर्धं पान फक्त काय दिसलं आणि काय ऐकू आलं. "छान", "वाईट" हे शब्द तिथे चालणार नाहीत. उरलेल्या अर्ध्या पानात तीन प्रश्नांची उत्तरं.

दुसरं काम : दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे वीस मिनिटं उभे राहा. दुकान अजून सुरू केलं नसेल तर ज्या धंद्यात उतरायचंय तसल्या दुसऱ्याच्या दुकानासमोर. तसंच एक पान लिहा. माणूस आला, कुठे बघितलं, कुठे थांबला, काय विचारलं, कुठल्या क्षणी मागे फिरला.

दुसरं पान लिहिताना तीन तरी गोष्टी अशा दिसल्या की ज्या आजवर दिसल्या नव्हत्या, तर समजा कोर्स तुमच्यासाठी आहे. येत्या सत्राला नाव नोंदवा. आणि काहीच नवीन दिसलं नाही, तर घाई करू नका. आधी आणखी दोन नाटकं बघा.

चला तर मग, नाटकाची जाहिरात शोधायला लागा. तिकीट काढताना जागा मात्र मधल्या रांगेतली घ्या, तिथून पूर्ण स्टेज दिसतं!